सोनेरी डब्यातला सरस

९ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद शेवटी देईन, उरले तर. फोन न करता पत्र लिहिते आहे, त्याला दोन कारणं. फोनवर आपण भांडायला लागलो की बाबांना पलंगावरून सगळं ऐकू जातं. मांडीचं हाड मोडलंय, कान शाबूत आहेत. आणि कागदावर तुला मधे तोंड घालता येत नाही.

तुझं खोकं पोचलं. सोनेरी डबे, डब्यावर एक म्हातारा टेनिस खेळतोय. त्याचे दात बघून मला वाटलं, दंतमंजन असेल. आत पांढरी पावडर. ‘कोलॅजन. स्नायूंना ताकद, सांध्यांना साथ, झटपट रिकव्हरी.’ आधी तू विमा विकलास, मग पाणी शुद्ध करायची यंत्रं, आता शुद्ध केलेली जनावरं. प्रगती आहे.

आता नीट वाच. बाबा माळ्यावरून त्यांच्या सुतारकामातलं सरसाचं जुनं भांडं काढायला शिडीवर चढले आणि भांड्यासकट खाली आले. भांड्याला पोचासुद्धा आला नाही. डॉक्टरांनी धातूची पट्टी बसवून हाड जोडलं आणि बजावलं, “आमचं काम झालं. आता रोज उभं राहायचं, चालायचं, आणि प्रोटीन पोटभर खायचं. या वयात पडून राहिलं की मांडीचा स्नायू बघता बघता जातो.” बाबा ऐकत होते. वॉकरला शिव्या, मला शिव्या, डॉक्टरांच्या खानदानाला शिव्या, पण पलंगापासून खिडकीपर्यंत जात होते.

मग तुझे डबे आले आणि माणूस आडवा झाला.

अंडं पुढे केलं की “बारक्याचं घेतलंय.” दूध नको, मासा नको. सकाळ-संध्याकाळ तुझी पावडर कोमट पाण्यातून घेतात आणि छताकडे बघत पडून राहतात. “उठा” म्हटलं की “अजून नाही.” मग कधी? “वेळ झाली की.” जसा काही वरिष्ठांकडून आदेश यायचा आहे! मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात बसते. ‘आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे, योग्य वेळी कार्यवाही होईल’ हे दिवसभर मी लोकांना लिहिते. घरी येऊन तेच स्वतःच्या बापाकडून ऐकायची माझ्यात ताकद नाही.

मार्चअखेर डॉक्टर पुन्हा तपासणार आहेत. मला दाराबाहेर नेऊन म्हणाले, तोवर उठले नाहीत, तर पुढे उठणं अवघड आहे.

डबे थांबव. फोन कर आणि सांग, जेवा आणि उठा. तुझं ऐकतील. माझं कशाला ऐकतील, मी रोज दिसते.

ताई

१७ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार करतोय, पण दातओठ खात.

कंपनीच्या छापील कागदावर लिहितोय म्हणून नाक मुरडू नकोस, घरात दुसरा कागद नाही. तू टेनिसवाल्या म्हाताऱ्याच्या दातांवर परिच्छेद लिहिलास, पण डब्यामागे काय छापलंय ते वाचलं नाहीस. म्हणून मी सांगतो.

प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. शरीरातल्या सगळ्या प्रोटीनचा जवळजवळ तिसरा हिस्सा कोलॅजन असतं. हाडात तेच, कातडीत तेच, स्नायूला हाडाशी बांधणारे जे दोर असतात त्यांत तेच. वय झालं की शरीर ते कमी बनवतं. आमच्या पावडरीत ती माळ तोडून बारीक केलेली असते, म्हणून पचायला हलकी. पाण्यात टाकलं की गुठळी नाही, चिकटपणा नाही, वास नाही. मी स्वतः घेतो. जिममध्ये गुडघा कुरकुर करायचा, आता वजन घेऊन उठबशा काढतो. डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टीला तू काय म्हणणार? दंतमंजन?

बाबा पडले तेव्हा मी आलो नाही, हे तू एकाही वाक्यात म्हणत नाहीस आणि प्रत्येक वाक्यात म्हणतेस. मला रजा मिळाली नाही. मग मला जे पाठवता आलं ते पाठवलं. बाबांना फोनवर सगळं समजावलंय. हे कशापासून बनतं, कसं बनतं, खोदून खोदून विचारत होते. चाळीस वर्षांत त्यांनी माझं बोलणं पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. तुला तेवढंही बघवत नाही का?

ते पडून आहेत कारण त्यांना दुखतंय. तुझ्या ऑफिसातल्यासारखं त्यांच्यावर खेकसू नकोस. आणखी डबे पाठवतोय.

धाकटा (अजून तरी)

२ मार्च

धाकट्या,

नवे डबे पोचले. पलंगाखाली रांग लावली आहे. झाडू मारायला गेलं की टेनिसवाले म्हातारे ओळीने हसतात.

काल फिजिओबाई आल्या होत्या. बाई हाडकुळ्या, आवाज पोलीस खात्यातला. त्यांनी टेपने बाबांच्या दोन्ही मांड्या मोजल्या, टेप गुंडाळली आणि काही बोलल्याच नाहीत. माझं पोट ओरडणाऱ्या माणसांवर चालतं, मी त्यांना घाबरत नाही. गप्प बसणाऱ्यांना घाबरते. त्यांना स्वयंपाकघरात नेलं, तुझा डबा दाखवला आणि विचारलं, हे विष आहे का?

विष नाही, म्हणाल्या. खुशाल घ्या, पण जेवणाऐवजी नको. आता त्यांनी जे सांगितलं ते तुझ्या छापील कागदाच्या मागे चिकटवून ठेव. स्नायू बांधायला जी अमिनो आम्लं अन्नातूनच घ्यावी लागतात, त्यांतलं एक कोलॅजनमध्ये मुळीच नसतं. आणि ल्युसिन नावाचं जे स्नायूच्या कामाला सुरुवात करून देतं, ते फारच कमी. अंडं, दूध, मासा, चिकन, कडधान्यं यांत ते असतं. म्हणजे जे लागतं ते बाबांनी ताटातून बाहेर काढलं आणि जे पुरत नाही त्यावर दिवस ढकलताहेत. शिवाय पोटात गेल्यावर सगळ्याच प्रोटीनचे तुकडे होतात. त्या तुकड्यांवर ‘डावी मांडी, दुसरा मजला’ असा पत्ता लिहिलेला नसतो. स्नायूवर भार पडला, तर शरीर त्या तुकड्यांतून स्नायू बांधतं. भारच नाही पडला, तर ते कशाला बांधेल?

मी तुझ्या गुडघ्याबद्दल विचारलं. म्हणाल्या, तुमचा भाऊ वजन उचलतो ना? जेवतो ना? मग त्या डब्याला एकट्याला हार घालू नका. व्यायामाबरोबर घेतलं तर त्या दोरांना थोडी मदत होतही असेल.

आता तुझ्या लाडक्या रुग्णाचा नवा पराक्रम. परवा ऑफिसातून आले, तर पाय दोन उशांच्या मधे आणि वरून कमरेचे दोन पट्टे करकचून आवळलेले. मी सोडायला गेले, तर असे ओरडले की शेजारीण दार उघडून बाहेर आली. शेवटी मीच पुन्हा आवळून दिले. करू काय? गावभर तमाशा नको होता. “बाबा, हे काय चाललंय?” विचारलं, तर म्हणतात, “तुला नाही कळायचं. हलवायचं नाही.” आयुष्यभर लाकडं तासली, आता स्वतःच ओंडका व्हायचं ठरवलंय त्यांनी. शुद्ध नाटक आहे. माझ्यावर सूड उगवताहेत, मी पटाशा-करवती बाहेरच्या खोलीत हलवल्या म्हणून.

तू कधी येतोस हे विचारत नाही. उत्तर मला पाठ आहे.

ताई

९ मार्च

ताई,

तू त्यांना बांधतेस?

पत्र दोनदा वाचलं. ‘मीच पुन्हा आवळून दिले.’ स्वतःच्या हाताने लिहिलंयस. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला पट्ट्याने पलंगावर आवळून तू पाणीपुरवठ्यात जातेस, आणि वर मला अमिनो आम्लं शिकवतेस! शेजाऱ्यांनी ऐकू नये एवढीच तुला काळजी.

माझा डबा वाईट, ठीक. मी वाईट, तेही ठीक, सवय आहे. पण आता बाबा तिथे राहणार नाहीत. इथे एक शुश्रूषा केंद्र आहे. पलंगाशेजारी घंटा, ती दाबली की माणूस येतो. जेवण पलंगावर, आंघोळ पलंगावर, कोणी खेकसत नाही. मी जागा बोलून ठेवली आहे. महिनाअखेर गाडी घेऊन येतो आणि घेऊन जातो. अडवून दाखव.

तुला एकदा तरी वाटलं का, की ते तुझं ऐकत नाहीत यात चूक तुझ्या जिभेची असेल?

मी

१३ मार्च

मूर्खा,

बांधते! हो, बांधते, आणि सकाळी चारासुद्धा घालते. पत्र दोनदा वाचलंस म्हणे. तिसऱ्यांदा डोळे उघडून वाचलं असतंस, तर ‘हलवायचं नाही’ हे शब्द दिसले असते. मलाही ते ऐकू आले नव्हते, पण माझ्याकडे निदान दिवसभर डोकं उठवायला एक ऑफिस आहे.

काल फिजिओबाईंनी बाबांना बोलतं केलं. मी दारात उभी होते. शब्द न् शब्द लिहिते.

“आजोबा, तुम्ही उभे का राहत नाही? दुखतं?”

“दुखायला काय झालं? दुखलं तर मी सांगेन की.”

“मग भीती वाटते?”

“भीती तुमच्या त्या टेपला वाटत असेल. अहो बाई, सरस ओला आहे.”

“काय ओलं आहे?”

“सरस! सरस माहीत नाही? जनावराची कातडी आणि हाडं शिजवून काढतात. सांधा लावायचा, शिकंज्यात आवळायचा आणि रात्रभर त्याला हात लावायचा नाही. ओला असताना हलवला की सांधा गेला. मग वरून देवाने येऊन लावला तरी धरत नाही. ते लाकूड होतं, एका रात्रीत सुकायचं. इथे मांस आहे, रक्त आहे, सगळीकडे ओल. वेळ लागणारच. आणि ही आमची मुलगी रोज सकाळी येते आणि म्हणते, उठा!”

मी दाराची कडी धरून उभी. हसू की डोकं आपटू?

बारक्या, तू त्यांना फोनवर सांगितलंस, हे कातडी आणि हाडांपासून काढतात. ज्या माणसाने जन्मभर दुहेरी भांड्यात तेच शिजवलं, ज्याच्या शर्टाच्या वासाने आपण शाळेत चिडवून घेतलं, त्याला तू हे सांगितलंस. ते म्हणाले असतील, “म्हणजे सरस.” आणि तू? “हो हो बाबा, सरसच समजा”, असंच ना? एका कानाने ऐकत, दुसऱ्या कानावर गिऱ्हाईक. त्यांच्या डोक्यात मग सगळं चोख बसलं. उशा म्हणजे फळ्या, पट्टे म्हणजे शिकंजा, आणि मी म्हणजे ती अडाणी बाई जी ओल्या सांध्याला धक्का देते. इतके दिवस ते आळस करत नव्हते रे. ते काम करत होते. पडून राहायचं काम, जीव लावून.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला ते सांगते. मी विचारलं, “बाबा, मला आधी का नाही सांगितलं?” तर लाजल्यासारखं हसले. “बारक्याला माझ्या धंद्याची लाज वाटायची. आता बघ, माझ्याच धंद्यातली वस्तू त्याने मला पाठवली. उगाच कोणी त्यात खोट काढायला नको.”

आता त्यांना कोण सांगणार? फिजिओबाईंनी अर्धा तास सांगितलं. “तुम्ही कधी सरस शिजवलाय?” एवढं विचारून त्यांनी बाईंना गप्प केलं. मी सांगितलं, तर म्हणतात, मी तुझा मत्सर करते. पंधरवड्यावर डॉक्टर आलेत आणि त्यामागून तुझी घंटा. घंटा असलेल्या पलंगावरून माणूस उठत नाही, बारक्या. त्याला उठायचं कारणच उरत नाही.

तू घातलेला घोळ आहे. तूच निस्तर.

ताई

१८ मार्च

ताई,

‘सरसच समजा’ हेच शब्द होते. तुला कसे कळले, विचारत नाही. गाडी चालवत होतो, घाईत होतो.

काल फोन केला. म्हटलं, बाबा, तो सरस नाही, तुम्ही उठा. तर म्हणाले, “ताईने तुला हे बोलायला लावलंय ना? तू काळजी करू नकोस. माल चांगला आहे. मी धीर सोडत नाही.” माझी समजूत काढत होते ते. मी फोन ठेवला आणि गाडीतच बसून राहिलो. मग रागाने हॉर्नवर बुक्की मारली, तर पुढचा माणूस खाली उतरून भांडायला आला. त्याच्याशी भांडलो, बरं वाटलं.

तुझ्या जिभेबद्दल लिहिलं ते मागे घेत नाही. पट्ट्याबद्दल लिहिलं ते घेतो.

ऐक. सांगून ते मानणार नाहीत. आपल्या घरात सांगून कोणी कधी मानलंय? त्यांच्या हातात दे. बाहेरच्या खोलीत ते तीन पायांचं स्टूल आहे ना, ज्याचा एक पाय निखळलाय? ते पलंगावर दे, डबा दे, म्हणावं, बारक्याच्या सरसाने हे जोडून दाखवा. ही पावडर चिकटत नाही. गुठळी नाही, चिकटपणा नाही, हे मी दिवसातून वीस वेळा लोकांपुढे घोळवतो, प्यालेही फिरवून दाखवतो. माळेचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की ती गारठली तरी आळत नाही. पाय सकाळी हातात येणार.

ते मला खोटारडा म्हणतील. त्यांच्या धंद्यातली वस्तू पाठवली म्हणून जी काय इज्जत मिळाली होती, ती महिनाभरच टिकली म्हणायची. म्हणू देत. तू मधे पडू नकोस आणि माझी बाजू तर मुळीच घेऊ नकोस. शिव्या मी खाईन.

जागा अजून सोडलेली नाही. आधी काय होतं ते कळव.

बारक्या

२७ मार्च

बारक्यास,

आशीर्वाद राखून ठेवले आहेत.

तुझ्या बहिणीने स्टूल आणि डबा आणून दिला. मी म्हटलं, ठीक, होऊन जाऊ दे. पावडर भिजवली, दुहेरी भांड्यात मंद तापवली, सांधा पुसून घेतला, लावला, दोरीने पीळ देऊन आवळला. पलंगावर बसून केलं, पण हयगय केली नाही. दुसऱ्या दिवशी दोरी सोडली आणि पाय माझ्या हातात आला. ओलाच. बोटाला लावून पाहिलं, नुसता चिकचिकाट, पकड नावाला नाही.

गाढवा, याला सरस म्हणतात? सरस जास्त शिजवला की मरतो, हे माझ्या हाताखाली दोन दिवस राहिलेला माणूसही सांगेल. हा तर शिजवून शिजवून मारलेला आहे, मग सुकवून दळलेला आहे, आणि वर सोनेरी डब्यात घातलेला आहे. असल्या मालाच्या भरवशावर मी महिनाभर पाय आवळून पडून राहिलो! तुझी बहीण ओरडत होती ते बरोबर होतं, हे मी तिला सांगितलेलं नाही आणि तूही सांगायचं नाही.

मला इतका संताप आला की मी तिला म्हटलं, माझं भांडं आण, माझा सरस आण, याला दाखवतो जोड कशाला म्हणतात. ती बाहेरच्या खोलीत गेली आणि तिथून ओरडते, “कुठलं भांडं? हे काळं? का ते हँडलवालं?” काळं! तीस वर्षं त्या भांड्यावर जेवलीस तू, म्हटलं. “सापडत नाही हो बाबा!” एवढंसं घर, तिला भांडं सापडेना. मी दोन शिव्या घातल्या, वॉकर ओढला आणि गेलो. भांडं समोरच होतं, तिच्या नाकासमोर. ती भांड्याकडे बघतच नव्हती, माझ्या पायांकडे बघत होती आणि तोंडावर पदर घेऊन उभी होती. तेव्हा मला कळलं की मी उभा आहे. मग मात्र पाय असे लटपटले की मेज धरावं लागलं. मांडी पार गेली आहे, बारक्या. पायजम्यात काठी घातल्यासारखी दिसते. माझी मला शरम वाटली, मग पुन्हा तुझा राग आला.

स्टूल माझ्या सरसाने जोडलं. रात्रभर हात लावू दिला नाही. आता ती टेपवाली बाई मला त्याच स्टुलावर बसवते आणि उठवते, पुन्हा बसवते, पुन्हा उठवते. सकाळी दोन अंडी, रात्री मासा, मधे दूध. मी खातो, पण कुरकुर करून खातो, उगाच यांना वाटायला नको की मला आवडतं. काल डॉक्टर आले. मांडी दाबून म्हणाले, उशीर केलात, पण उशीरच केलात, वेळ गेलेली नाही. पुढच्या महिन्यात वॉकर सोडून काठी घ्या.

डबे परत पाठवत नाही. पत्रा चांगला आहे, झाकण घट्ट बसतं, स्क्रू ठेवले आहेत. पावडर तू घे, तुला गुण येतो म्हणे. पण लोकांना विकताना एवढं सांगत जा, की बाबांनो, जेवा आणि उठा, मग हे प्या. नाही सांगितलंस तर मी येऊन सांगेन.

तुझ्या त्या केंद्राला कळव, घंटेची जागा दुसऱ्या कोणाला द्या.

आणि तू ये. रजा मिळत नसेल तर न मिळता ये. तुझ्यासाठी चार मोठ्या शिव्या काढून ठेवल्या आहेत, त्या पत्रात मावत नाहीत, समोरच द्यायच्या आहेत. लवकर ये. राग उतरायच्या आत ये, सध्या मी त्याच्यावरच चालतो आहे.

बाबा